इरण्णाचा उपास

इरण्णा ओव्हरसियर वारल्याचं मला सोलापूरच्या नव्या पेठेत कळलं. साड्यांचं दुकान आता पुतण्या बघतो, मी नुसता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असतो. मैंदर्गीचं एक जुनं गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. साड्या उलटसुलट करता करता ते माझ्याकडे वळून म्हणालं, "तुमचे ते ओव्हरसियर गेले की, शेठ. झाले बरेच दिवस."

शेजारच्या दुकानातले अप्पा चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "माणूस चांगला होता हो. पण शेवटी एक घर चुकलं त्याचं, आणि बाईचा जीव गेला."

गिऱ्हाइकाने मान हलवली. पुतण्याने हलवली. माझीही हलली असणार. इतकी वर्षं त्या वाक्याला ती तशीच हलत आली आहे.

इरण्णाचं घर चुकलं नव्हतं. त्याने ते बरोबर ओळखलं होतं आणि काय करायचं तेही सांगितलं होतं. सांगितलं होतं ते मला. एवढंच लिहायचं आहे, पण नुसतं एवढं लिहून भागणार नाही. तो माणूस कसा होता ते कळल्याशिवाय सगळ्या गावाचा गैरसमज का झाला ते कळायचं नाही.

इरण्णा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला. उंच, शिडशिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. नम्रपणा त्याच्याजवळ औषधालाही नव्हता. अक्कलकोट रस्त्यावर त्याच्या हाताखाली बांधलेला एक छोटा पूल होता. एसटी त्या पुलावरून गेली की हा शेजारच्या अनोळखी माणसाला विचारायचा, "काय जाणवलं?" तो बिचारा म्हणायचा, "काय न्हाई की." मग इरण्णा छाती पुढे काढून म्हणायचा, "न्हाईच जाणवणार. पूल माझा हाय."

बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. विजापूर रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत तो दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचा. जन्मभर भाड्यानेच राहिला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घ्यावं असं घर सापडलं न्हाय." संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या गादीच्या कडेला बसायचा आणि गिऱ्हाइकांसमोर मला 'दुकानदार' म्हणून हाक मारायचा. माझ्या दुकानात, माझ्याच गादीवर बसून.

घर घेण्याआधी ते इरण्णाला दाखवायचं, ही पद्धत कधी पडली ते आठवत नाही. खात्यातल्या कुणाला तरी त्याने एका घरापासून वाचवलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि मग लोक दुकानात यायला लागले. पैसे तो घेत नसे. त्याला न्यायला-आणायला मात्र माणूस लागायचा आणि तो माणूस बहुतेक वेळा मी असायचो. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो. लोक त्याच्यासाठी दार उघडायचे, तेव्हा मीही त्याच्या मागून आत जायचो.

घर बघायला तो नळाला पाणी येण्याच्या दिवशीच जायचा. आमच्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, आणि पाणी येतं त्या दिवशी घर झोपेतून उठवलेल्या माणसासारखं असतं, काही लपवू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. उंबऱ्याबाहेर चपला काढून तो सगळ्या घरभर अनवाणी फिरायचा. टाच टेकायचा, थांबायचा, पुन्हा टेकायचा. मग प्रत्येक दार लावून बघायचा आणि घरातल्या बाईला विचारायचा, "पावसाळ्यात हे लागतं का हो, की लाथ घालावी लागते?" आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया वरवरचा असला की दारांना ते सगळ्यात आधी कळतं. पुरुष म्हणायचे, लागतं की. बायका हसायच्या. इरण्णा बायकांचं हसणं धरायचा.

भिंतीवरचं कॅलेंडर तो उचलून बघायचा. देवाचा फोटो असला तर आधी नमस्कार करायचा, "चुकलं माकलं माफ कर रे बाबा," असं पुटपुटायचा आणि मग फोटो तिरका करून मागची भिंत बघायचा. एकदा एका घरात सगळ्या भिंती जुनाट आणि एकच ताज्या रंगाची होती. घरमालक म्हणाला, "दिवाळीला दिला." इरण्णा म्हणाला, "बायकोनं एकाच गालाला पावडर लावली तर तुमी काय समजाल?" मालकाची बायको पदरात तोंड घालून आत पळाली.

पण घराबद्दल तो आत यापेक्षा जास्त कधी बोलला नाही. कुठल्याही छपराखाली त्या घराला वाईट म्हणायचं नाही, हा त्याचा नेम. "हितं अजून एक बाई चूल पेटवती. तिच्या घराला मी नावं ठेवायची? आणि वास्तू ऐकत असती. आपण वाईट बोललो आणि तिनं तथास्तु म्हटलं तर?" विज्ञान शिकलेला माणूस हे बोलतो म्हणून मी चिडवायचो. तो म्हणायचा, "शिकलो ते पुलाचं. घराचं आईनं शिकवलं."

मग निकाल कसा कळायचा? घर चांगलं असलं की तो तिथं पाणी प्यायचा, चहा मागून घ्यायचा, साखर जास्त झाली म्हणून तक्रारही करायचा. घर वाईट असलं की हात जोडून म्हणायचा, "आज उपास हाय." मग पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. फाटकाबाहेर आल्यावर, चपला घालून झाल्या की, ज्याने बोलावलं त्याला एकदाच सांगायचा. घ्यायचं नसेल तर त्याचा एकच कानडी शब्द ठरलेला होता, "ब्याड." नको. मग कारण सांगायचा, उपाय असेल तर उपाय सांगायचा, आणि पुन्हा त्या घराचं नाव काढायचा नाही.

घर विकत घेतल्यावर तर त्या घरी पाऊलही टाकायचा नाही, वास्तुशांतीलाही नाही. म्हणायचा, "मी गेलो की माझी नजर भिंतीकडं जाणार. त्यांच्या घशाखाली जेवण उतरायचं न्हाय."

बाहेरचं बोलणं एकाच माणसाला कळायचं, पण पाण्याचा तांब्या सगळ्यांना दिसायचा. त्यामुळे गावात तांब्याचीच गोष्ट झाली. 'त्या घरात इरण्णाचा उपास झाला' म्हटलं की गिऱ्हाईक फिरकत नसे. काही एजंट त्याच्यासाठी मुद्दाम मसाल्याचं ताक, पन्हं असलं काही काढून ठेवायचे. तो ताकाकडे प्रेमाने बघायचा आणि म्हणायचा, "कसलं झकास दिसतंय! पण उपास हाय."

आता माझ्याकडे येतो.

सुनंदा माझी एकुलती एक मुलगी. जावई महेश चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात. कारखान्याच्या बाजूलाच भाड्याच्या खोलीत महेश, सुनंदा आणि महेशची आई अशी तिघं राहायची. माझ्या बायकोचे गुडघे गेले होते आणि मुलगी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. अशात आमच्या पलीकडच्याच गल्लीतलं एक बैठं घर विकायला निघालं. मागे जास्तीची खोली, कोपऱ्यात कडुलिंब. मी ते घर मनात घेऊन टाकलं. सुनंदा दिवसातून चारदा येते आहे, बायकोला आयतं ताट मिळतं आहे, इथपर्यंत मी पोचलो होतो. महेश म्हणाला, "मामा, अण्णांना दाखवल्याशिवाय नको." मी म्हटलं, अर्थात.

एप्रिलचे दिवस होते. त्या दिवशी नळाला पाणी दुपारी आलं म्हणून आम्ही दुपारी गेलो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. इरण्णा तेव्हा साखरेची गोळी घ्यायचा. ती घेऊन, वर काही न खाता आला होता, हे मला नंतर कळलं.

विहीणबाई आमच्याआधीच तिथे होत्या. या बाईने सगळा संसार एका खोलीत केलेला. मागची खोली बघून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, ही खोली माझी बरं का. हितं बसून मी ज्वारी निवडीन." बाहेर कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले होते. साती आसरा देवी. त्यांना त्यांनी नमस्कार केला, तिथलंच एक फूल वाहिलं. सुनंदाने केला, मीही केला. घरमालक म्हणाला, "आदीपासनं हायत. जागेची राखण करत्यात."

इरण्णाने नमस्कार केला आणि तिथेच बराच वेळ उभा राहिला. मग मागच्या खोलीत जाऊन टाच टेकत फिरला. एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच गेला. त्याचा चेहरा मी ओळखत होतो. उपासाचा चेहरा होता तो.

मधल्या खोलीत येता येता त्याने भिंत धरली. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. मी त्याला खाटेवर बसवलं आणि ओरडलो, "गूळ आणा, पाणी आणा!" मालकाच्या बायकोने गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणला. खडा मीच त्याच्या तोंडात घातला. तांब्या मीच त्याच्या ओठाला लावला. तो प्यायला. डोळे मिटून, घटाघटा, शर्टावर सांडत प्यायला.

महेश मालकाबरोबर गच्चीवर होता, सुनंदा आणि विहीणबाई मागच्या खोलीत. खाली उतरून दारात आला तो नेमका तेव्हाच. त्याने तांब्या बघितला, बाकी काही बघितलं नाही. त्याचा चेहरा फुलला. "आई," तो आत वळून म्हणाला, "अण्णांनी पाणी घेतलं!" आतून विहीणबाईंनी कौतुकाने कानशिलावर बोटं मोडल्याचा आवाज आला.

जरा तरतरी आल्यावर मी इरण्णाला रिक्षात घालायला बाहेर आणलं. बाकीचे आतच होते. फाटकाबाहेर त्याने चपला घातल्या, माझा दंड धरला आणि म्हणाला, "ब्याड."

"अरे पण..."

"ऐक. आसरा पाण्याजवळ असतात. नदी, तळं, विहीर. हितं पाणी कुटं हाय?"

मी वळून कडुलिंबाकडे बघितलं.

"विहीर होती. बुजवली आणि वर खोली बांधली. दगड उचलून झाडाखाली ठेवले, टाकून द्यायचं धाडस न्हाय झालं त्यांना. मागच्या खोलीची फरशी पोकळ वाजती. पुढचं घर चांगलं हाय. घ्यायचंच असंल तर मागची खोली पाडा, खणा, खालपासून दगड भरत या. तवर तिथं कुणी झोपायचं न्हाय. महेशला सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

मी परत आत गेलो. महेशने विचारलं, "अण्णा काही म्हणाले का, मामा?"

त्या क्षणाला मी किती विचार केला? फारसा नाहीच केला. खोली पाडायची म्हटलं की हे घर हातचं गेलं, दुसरी पार्टी तयारच होती, एवढंच डोक्यात आलं. आणि इरण्णा पहिल्यापासून जरा जास्तच करतो, असंही. मी म्हणालो, "तुम्ही बघितलंत की. पाणी घेतलं त्याने."

हे खोटं नव्हतं. म्हणून पुढे बरेच दिवस मला झोप लागत होती.

घर झालं. सुनंदा खरंच दिवसातून चारदा यायला लागली. एरवी सांगून झालेल्या घराचं नाव न काढणाऱ्या इरण्णाने एकदा दुकानात विचारलं, "मागची खोली खणली का रे?" मी म्हणालो, "खणणारेत, पावसाळ्याआधी." पुढे पुन्हा एकदा विचारलं, "भरली का नीट?" मी म्हणालो, "भरली." हे मात्र सरळ खोटं होतं. तो म्हणाला, "बेस झालं," आणि माझ्या चहातला अर्धा त्याने बशीत ओतून घेतला.

दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. त्यातल्याच एका दुपारी विहीणबाई मागच्या खोलीत सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुनंदा स्वयंपाकघरात होती. पोतं पडल्यासारखा आवाज आला, ती म्हणते. ती धावत गेली तेव्हा खोलीच्या मधोमध फरशी नव्हती. खाली गढूळ पाणी होतं आणि त्यावर सूप तरंगत होतं. अग्निशमन दलाच्या लोकांनी त्यांना बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. बाहेर कडुलिंबाखाली सातही दगड जागच्या जागी, ओले, लालभडक.

दिवस घातल्यावर महेश दुकानात आला. इरण्णा गादीवर बसला होता. तो सांत्वनाला उठून उभा राहिला. महेशने त्याला बोलूच दिलं नाही.

"तुम्ही पाणी प्यालात, अण्णा! माझ्या डोळ्यांनी बघितलं मी! माझ्या आईने तुमच्या त्या एका घोटावर विश्वास ठेवला. काय चारलं होतं त्या मालकाने तुम्हाला?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. अप्पा दारात येऊन उभे राहिले. इरण्णाने आधी महेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. फरशीवर टाच टेकून बघावी, तसं. मी एका साडीची घडी घालत होतो. तिची घडी आधीच घातलेली होती.

त्याला सगळं कळलं असावं. मी सांगितलं नाही हे कळलं, आणि आता त्याने खरं सांगितलं तर सुनंदाच्या संसाराचं काय होईल, हेही. तो महेशला म्हणाला, "प्यालो की. खरं हाय."

एवढंच. चपला घालून तो पायऱ्या उतरला आणि पेठेतल्या गर्दीत मिसळला. दुकानात पुन्हा आला नाही.

गावाने उरलेलं काम केलं. म्हातारा झाला, नजर गेली, असं चांगले लोक म्हणायचे. मालकाकडून खाल्लं, असं बाकीचे. ज्या माणसाने कुणाच्या घरचा फुकटचा चहाही विचार करून घेतला, त्याच्याबद्दल हे मी दुकानात बसून ऐकत होतो. सुनंदासाठी गप्प आहे, असं स्वतःला सांगत होतो. त्यात थोडं खरं होतं. बाकीचं भिण्यामुळे होतं. घर दाखवायला त्याला कुणी बोलावेनासं झालं. रस्त्याने जाताना तो बांधकामं दिसली की तोंड फिरवायचा.

हे लिहिण्याआधी मी महेशकडे जाऊन सगळं सांगून आलो. ती दोघं आता लांब एका अपार्टमेंटमध्ये राहतात. महेशचे केस पिकलेत. त्याने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून हातात धरला. मला वाटलं, आईचं नाव काढेल. तो म्हणाला, "अण्णांना मी त्या दिवशी दुकानात काय बोललो, मामा," आणि उठून आतल्या खोलीत गेला. दार लावलं. सुनंदाने माझ्याकडे न बघता माझी पिशवी आणून दिली. त्यानंतर तिचा फोन नाही. येईल असंही वाटत नाही. मैंदर्गीला इरण्णाच्या पुतण्यालाही सांगितलं. नव्या पेठेत अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरता, शेठ?" म्हणून हे लिहिलं.

इरण्णाला मी शेवटचं बघितलं ते त्याने सोलापूर सोडलं त्या दिवशी. मैंदर्गीला पुतण्याकडे कायमचा निघाला होता. माझ्या बायकोचा निरोप घ्यायला म्हणून घरी आला. आमचं घर बांधताना पाया त्यानेच खणून घेतला होता. कंत्राटदाराला शिव्या देऊन हातभर जास्त खणायला लावला होता. आमच्याकडे तो मागून जेवायचा.

उंबऱ्याबाहेर चपला काढून तो आत आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. बायकोशी बोलला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. माझ्याशीही बोलला, पावसाचं काहीतरी. मी काय लपवलं होतं ते बायकोला ठाऊक नव्हतं. तिने माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्याने हात जोडले. "आज उपास हाय, वैनी."

"आज कसला उपास?" ती म्हणाली. "सोमवार तर परवा झाला."

"हाय माझा एक."

ती हसली. "म्हणजे आमचं घर वाईट निघालं म्हणा की, भावजी!"

तो काही बोलला नाही. छपराखाली होता.

मी त्याच्या मागे फाटकाबाहेर आलो. आता तो बोलेल, हे मला माहीत होतं, आणि मला ते हवं होतं. चपला घालताना त्याचा तोल गेला. मी हात पुढे केला. त्याने माझ्या कुंपणाच्या भिंतीला हात टेकला, दोन्ही चपला घातल्या. मग त्या भिंतीवर, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं, दोनदा थोपटलं.

"घर चांगलं हाय," तो म्हणाला, आणि रिक्षाकडे चालायला लागला.